घरातल्या आवाजांची दुसरी प्रत

रेडिओ केंद्रातल्या ध्वनिफितींच्या खोलीत ज्यांनी आपली सारी नोकरी काढली, त्या गृहस्थांना तिथले लोक ‘फेरतपास’ म्हणत. हे नाव कुणी ठेवले ते कुणालाच सांगता येत नसे, पण ते इतके चपखल बसले होते की नवे अधिकारीसुद्धा रुजू होताच “फेरतपासांकडून आली का फीत?” असे सहज विचारू लागत. फितीची दुसरी प्रत निघाली की इतरांचे काम संपे आणि यांचे सुरू होई. प्रत आरंभी ऐकायची, मध्यावर ऐकायची, शेवटाकडे ऐकायची. तीनही ठिकाणी आवाज स्वच्छ असेल तरच ती कपाटात जाई. न ऐकलेली प्रत ही प्रतच नव्हे, असे त्यांचे मत होते आणि ते त्यांनी केंद्रावर निमूटपणे राबवले होते.

मात्र त्यांचे ऐकणे हे इतरांच्या ऐकण्यासारखे नव्हते. त्यांना खरखर ऐकू येई, विजेची गुणगुण ऐकू येई, मध्येच बसलेला आवाज ऐकू येई. एखादा विद्वान तासभर मृत्यूविषयी बोलून गेला तरी यांचा अभिप्राय एवढाच असे, की पाहुणे डावीकडे झुकून बसतात. कुणी थट्टेने विचारले, “काय म्हणाले हो ते?” तर ते प्रामाणिकपणे सांगत, “ते माझ्याकडे नाही. माझ्याकडे फक्त आवाज.” या उत्तराचा त्यांना थोडा अभिमानही होता. खोलीतून कितीतरी लोकांच्या मुलाखती, भांडणे, कापून टाकलेली वाक्ये गेली; त्यातले एक अक्षर बाहेर फुटले नाही. विश्वासू माणूस म्हणून त्यांचा लौकिक होता आणि तो खोटा नव्हता.

निवृत्तीनंतर हा माणूस घरी बसला. बसला म्हणजे मागच्या खोलीतल्या टेबलाशी बसला, हेडफोन लावून, जुन्या फितींचे आवाज संगणकावर उतरवीत. पत्नीला त्याबद्दल तक्रार नव्हती, निदान तिने ती कधी त्यांच्यापाशी केली नाही.

पुढे मुलीचा फोन प्रवासात हरवला आणि त्याबरोबर नातीची पहिल्या वर्षातली बहुतेक छायाचित्रे गेली. मुलगी फोनवर “जाऊ दे बाबा” एवढेच म्हणाली. पण तिचा आवाज बसला होता, हे यांनी ओळखले. जावयाने सुचवले की आता सगळे इंटरनेटवरच ठेवू. “म्हणजे आपली फीत दुसऱ्याच्या कपाटात, आणि किल्लीही त्याच्याचकडे?” असे म्हणून त्यांनी ती सूचना निकाली काढली. घरात एक प्रत हवी, ती आपल्या हाताने बांधलेल्या पेटीत हवी, असे त्यांच्या मनाने घेतले.

संगणकाचे सुटे भाग विकणाऱ्याने त्यांच्यापुढे तयार हार्ड डिस्कचा डबा ठेवला.

“काका, हा घ्या. वायर लावली की मोकळे.”

“उघडतो का हा?”

“उघडायचा कशाला?”

“बिघडला तर.”

“बिघडला तर नवा घ्यायचा.”

“आणि आत जे होतं ते?”

दुकानदाराने डबा मागे ओढला. “काका, तुमचं लग्न जुळवताना सासऱ्यांनी बरंच सोसलं असणार.”

शेवटी त्यांनी वेगळी डिस्क घेतली आणि ती आत बसवायला वेगळे रिकामे ॲल्युमिनियमचे केसिंग घेतले. डिस्क टेबलावरच्या संगणकात असते तसली, मोठी. तिला वायरीतून मिळणारी वीज पुरत नाही, स्वतंत्र ॲडॉप्टर लागतो. ही कटकट त्यांना चालणार होती, कारण पेटी कुठे जाणार नव्हती. घरी आल्यावर त्यांनी टेबलावर सुती फडके पसरले, हात धुऊन कोरडे केले, डिस्कला फक्त कडांनी धरले. केसिंगच्या आत एक लहान सर्किट असते आणि त्याला दातेरी खाच. डिस्क तिच्यात सरळ रेषेत सरकवावी लागते. जरा तिरकी गेली तर दाते वाकतात. त्यांनी ती अशी सरकवली की आवाज झाला नाही. चार स्क्रू हलक्या हाताने, समोरासमोरच्या कोपऱ्यांत आलटून पालटून आवळले. जुन्या टेपयंत्राच्या रबराची पट्टी कापून तळाला चिकटवली, म्हणजे लाकडावर पेटी गुणगुणणार नाही. मग वीज दिली आणि कान पेटीजवळ नेला. डिस्क फिरू लागली, एका सुरात स्थिरावली.

“झालं का बाळंतपण?” पत्नीने दारातून विचारले.

“झालं.”

“काय झालं?”

“पेटी.”

“नाव काय ठेवणार?”

संगणकाने तेच विचारले होते. डिस्क कोरी करून तिची मांडणी केली की तिला एक नाव द्यावे लागते. त्यांनी ‘घर’ असे लिहिले होते.

मग प्रती निघू लागल्या. जुन्या फितींचे आवाज, लग्नाची छायाचित्रे, मुलीने पाठवलेली नातीची उरलीसुरली चित्रे, आणि पत्नीच्या फोनवरचे सर्व काही. काम संपल्यावर संगणकाने सांगितले की मूळ आणि प्रत तंतोतंत जुळतात. यावर दुसरा कुणी उठून चहा प्यायला गेला असता. यांनी हेडफोन लावले.

पत्नीच्या फोनमध्ये एक कप्पा होता, त्यात तिच्या फोनवरच्या संभाषणांचे आपोआप झालेले ध्वनिमुद्रण साठत असे. ही सोय त्यांनीच चालू करून दिली होती. डॉक्टरांनी फोनवर सांगितलेली औषधाची मात्रा एकदा ती विसरली होती. तेव्हा “आता विसरलीस तरी पुन्हा ऐकता येईल” असे म्हणून त्यांनी बटण दाबले होते. पुढे दोघेही ते विसरून गेले. आता तो कप्पा पेटीत आला होता आणि त्यातल्या प्रत्येक ध्वनीवर पलीकडच्या माणसाचे नाव होते. त्यांनी मुलीचा एक उघडला. आरंभी नातीचा खोकला, मध्यावर खोकल्यावरचे उपाय, शेवटी “ठेवते गं आई”. आवाज स्वच्छ. बंद केला. दुसरा उघडला, तो पत्नीच्या धाकट्या बहिणीचा. घरात तिला सगळे चिमी म्हणत. दोघी बहिणी दुपारी एकमेकींशी बोलत, हे त्यांना ठाऊक होते. काय बोलत, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता.

आरंभ ठीक होता. मध्यावर पत्नी म्हणत होती, “आज तासभर बसस्टॉपवर बसले होते गं.”

“कुठं निघाली होतीस?”

“कुठंच नाही. नुसती बसले. बस आली की पिशवी सावरायची, ती गेली की पुन्हा टेकायचं. घरात कसं, हे सदा असतात. बोलत नाहीत, पण असतात.”

“आणि भावोजींना काय सांगितलंस?”

“भाजीला गर्दी होती म्हटलं.”

“भाजी कुठाय, असं नाही विचारलं?”

“त्यांना आवाज ऐकू येतो चिमे, बोलणं नाही ऐकू येत. मी म्हटलं गर्दी होती. ते म्हणाले, ‘हं.’”

हा ‘हं’ तिने त्यांच्यासारखा काढून दाखवला. पलीकडे चिमी हसत सुटली. फेरतपासांचा कान व्यवसायाने घडलेला होता; नक्कल अचूक आहे, हे त्यांना कबूल करावे लागले. सूर किंचित नाकातला, शेवट बंद. जणू कुणी दप्तरात नोंद करून फाईल मिटली.

पद्धतीप्रमाणे आता शेवटाकडे जायचे होते. ते आरंभाकडे गेले आणि सगळे ऐकले. मग दुसरे ऐकले.

त्या दिवसापासून जे सुरू झाले त्याला त्यांनी बरीच सभ्य नावे देऊन पाहिली. पेटी नवी आहे, तिची खात्री झाली पाहिजे, हे पहिले. आपल्यावर आलेला आरोप माणसाने जाणून घ्यावा, हे दुसरे. पण ही नावे त्यांना स्वतःलाच पटत नव्हती, याचा पुरावा त्यांच्या वागण्यातच होता: पत्नीची चाहूल लागली की ते हेडफोन कानावर तसेच ठेवून पडद्यावर नातीचे छायाचित्र आणत. केंद्रावर त्यांनी कधी कुणाची चाहूल घेतली नव्हती.

त्यांनी वागण्यात बदल केला, हे मात्र नमूद करायला हवे. दुपारी ते वाचनालयात जाऊ लागले. तिथे वर्तमानपत्र धरून ते बसत. ते वाचतच असत असे नाही. जिना चढताना पत्नीचा गुडघा दुखतो, पण “सांगितलं तर व्याख्यान ऐकावं लागेल” म्हणून ती सांगत नाही, हे चिमीमुळे कळल्यावर त्यांनी गच्चीतली कपड्यांची दोरी खाली मागच्या व्हरांड्यात आणून बांधली आणि कारण दिले की वर धूळ फार. पत्नीने दोरीकडे पाहिले, मग त्यांच्याकडे.

“तुम्हाला कधीपासून धूळ दिसायला लागली?”

“दिसली.”

“बरं आहे.”

काही दिवसांनी ते तिला म्हणाले, “फोन दे जरा. नवी प्रत घ्यायची आहे.” तिने कणकेचा हात पुसला आणि फोन दिला. “घ्या. आणि त्या माझ्या फुलांच्या चित्रांचीही घ्या हो, हरवायला नकोत.” इतक्या विश्वासाने दिलेला फोन त्यांनी पेटीला जोडला. फुलांच्या चित्रांची प्रत घेतली. मग नव्या संभाषणांची.

“सुधारले गं आमचे हे,” ती चिमीला सांगत होती. “दुपारी बाहेर जातात. दोरी खाली बांधली. कुणी कान उपटले कोण जाणे.”

“आमच्या ह्यांना पाठवते तुमच्याकडे शिकायला.”

“नको बाई. आमचं नुकतंच रुजतंय, नजर लागेल.”

हे वाक्य त्यांनी पुन्हा ऐकले. मग पुन्हा. आयुष्यभर कुणी त्यांच्याबद्दल त्यांच्या पाठीमागे काय बोलते ते त्यांना कळले नव्हते. आता कळत होते आणि ते गोड होते. चोरून वाचलेल्या प्रश्नपत्रिकेवर मिळालेल्या गुणांसारखी ती स्तुती होती. एवढे समजत असूनही पुढच्या वेळी फोन मागताना त्यांचा आवाज कापला नाही. नंतर या साऱ्याचा विचार करताना त्यांना सर्वांत अधिक लाज वाटली ती याची.

मग ते संभाषण आले.

पार्श्वभूमी अशी, की फार वर्षांपूर्वी सासूबाई शेवटच्या दुखण्यात अंथरुणावर होत्या. तेव्हा फेरतपासांनी केंद्रावरचे फिरते टेपयंत्र परवानगी काढून घरी आणले होते आणि त्यांचा आवाज मुद्रित केला होता. मुलींना आईचा आवाज राहावा, हा हेतू. आपल्या हातून घरासाठी एवढे एक चांगले काम झाले अशी त्यांची समजूत होती आणि पेटीत सर्वांत आधी त्यांनी हीच फीत उतरवली होती.

“चिमे,” पत्नी म्हणत होती, “आई त्या दिवशी काय म्हणत होती, आठवतं का गं? आपण दोघी उशाशी होतो. तिनं तुझा हात धरला होता.”

“माझा? तुझा धरला होता.”

“काहीतरी सांगायला लागली, आणि रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवला. आणि हे म्हणाले, ‘पुन्हा एकदा म्हणा.’”

“आणि आई गप्पच झाली,” चिमी म्हणाली.

“यांच्याकडे बघितलं तिनं. जसं काही आपलं चुकलं. मग इकडचं तिकडचं बोलली, मुलांना सांभाळा, वगैरे. ते नव्हतं तिला सांगायचं.”

“भावोजींना कधी बोलली नाहीस?”

“काय बोलू? चांगल्या मनानं केलं त्यांनी. तेच तर.”

फेरतपासांनी हेडफोन काढून ठेवले. त्यांना तो प्रसंग आठवत होता, कामाचा भाग म्हणून. हॉर्न आठवत होता: ट्रकचा, दोन सुरांचा, दुसरा सूर किंचित उतरलेला. दुसऱ्या दिवशी केंद्रावर त्यांनी तेवढी फीत ब्लेडने तिरकी कापली होती आणि दोन्ही टोके पट्टीने अशी जोडली होती की सांधा कळू नये. कापलेल्या तुकड्यावर हॉर्न होता, त्यांचे ‘पुन्हा एकदा म्हणा’ होते, आणि हॉर्नच्या खाली सासूबाईंचे अर्धे वाक्य होते. तो तुकडा टेबलाखालच्या टोपलीत पडला. ती फीत त्यांनी नंतर तीन ठिकाणी ऐकली होती. स्वच्छ होती.

त्यांनी ते वाक्य आठवण्याचा प्रयत्न केला. खोलीत त्या वेळी सर्वांत स्पष्ट त्यांनाच ऐकू येत होते. कानाला यंत्र लावून तेच बसले होते. त्यांनी डोळे मिटले, सासूबाईंचा श्वास आठवला, घशातली घरघर आठवली, पाण्याचे भांडे ठेवल्याचा आवाज आठवला. शब्द नव्हते. शब्द कधी आत आलेच नव्हते.

यापुढे गप्प राहणे दोन प्रकारे शक्य होते. संभाषणांचा कप्पा पुसून टाकावा, सोय बंद करावी, आणि सुधारलेला नवरा म्हणून उरलेले दिवस काढावेत. कुणाला काही कळले नसते. किंवा त्या दुपारच्या अपराधाची क्षमा मागावी आणि तो आपल्याला आपोआप आठवला असे भासवावे. दुसरा मार्ग त्यांना काही काळ फार सुंदर वाटला. ते त्या वाक्याची जुळवाजुळवही करू लागले: ‘आज अचानक मनात आलं...’ तिथे त्यांना कळले की ते पुन्हा एकदा सांधा कळू न देण्याचे काम करीत आहेत.

ते स्वयंपाकघरात गेले. पत्नी शेंगा सोलत होती.

“तुझे फोन मी ऐकले,” ते म्हणाले.

“कुठले फोन?”

“चिमीचे. रेकॉर्ड होतात ते. मीच चालू केलं होतं, औषधाच्या वेळी. पेटीत उतरले. मी ऐकले.”

तिचा हात थांबला नाही. एक शेंग सोलून झाली, मग दुसरी.

“किती?”

“सगळे.”

“बसस्टॉप?”

“हो.”

“म्हणून वाचनालय.”

“हो.”

“दोरी.”

तिने दाणे एका बाजूला सारले.

“मला वाटलं,” ती म्हणाली आणि थांबली. “मी चिमीला काय काय सांगत होते. सुधारले म्हणून. मूर्खासारखी.”

“मूर्ख मी.”

“ते नका सांगू. ते बोलून तुम्ही सुटाल.”

त्यांनी मान खाली घातली. कप्पा आत्ता पुसतो, असे ते म्हणाले. पुसा, ती म्हणाली, पण माझ्यासमोर नको. आणि फोनमधलं ते कसं बंद करायचं ते मला दाखवा, तुम्ही हात लावू नका. त्यांनी दुरून सांगितले, तिने बोटाने एकेक पायरी शोधून बटण बंद केले. मग फोन पालथा ठेवला आणि प्रथमच सरळ त्यांच्याकडे पाहिले.

“आईचं ऐकलंत ना?”

“ऐकलं.”

“मग सांगा. तुमच्या कानाला यंत्र होतं तेव्हा. काय म्हणत होती ती?”

या प्रश्नाला घाबरूनच ते इतका वेळ दारात उभे होते. खोटे उत्तर सोपे होते. म्हातारी आई मरताना मुलींना काय म्हणेल, याचा अंदाज कुणीही बांधला असता, आणि दोघी बहिणी ते शब्द आयुष्यभर जपत बसल्या असत्या.

“मला हॉर्न आठवतो,” ते म्हणाले.

ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. राग असता तर त्यांना बरे वाटले असते. तिच्या चेहऱ्यावर जे होते ते आटोपल्यासारखे होते. रांगेत उभे राहून राहून थकलेले लोक शेवटी खिडकी बंद करणाऱ्या कारकुनाकडे बघतात तसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बॅग भरली. मोठी नव्हे, मधली. चिमीकडे जाते, म्हणाली. “हे तिला फोनवर सांगण्यासारखं नाही. तिचंही बोलणं होतं त्यात. तिलाही विचारायला हवं ना, काय वाटतं ते.”

“मी येऊ का? मी सांगतो तिला.”

“नको. तुम्ही आलात की आम्ही गप्प होऊ.”

त्यांनी बॅग उचलून रिक्षापर्यंत नेली, एवढे तिने करू दिले. बसताना गुडघा धरला, तेव्हा त्यांचा हात पुढे झाला आणि मध्येच थांबला. गुडघ्याचे त्यांना अधिकृतपणे माहीत नव्हते.

“कधी येशील?” त्यांनी विचारले.

“बोलणं संपलं की.”

रिक्षा गेली. ते वर आले. घर जसेच्या तसे होते आणि त्यांना कुठे बसावे ते कळेना. मागच्या खोलीत जाववेना. ते स्वयंपाकघरातल्या स्टुलावर टेकले, जिथे ते एरवी कधी बसत नसत.

दुपारी मुलीचा फोन आला. “बाबा, आई फोन उचलत नाही. कुठं गेली?”

“मावशीकडे.”

“अशी अचानक? भांडलात का?”

“नाही.” मग त्यांनी तिला सांगितले. आदल्या दिवशी जितक्या शब्दांत पत्नीला सांगितले होते, जवळजवळ तितक्याच. याहून बरे शब्द त्यांच्याकडे नव्हते. नातीचे बडबडणे मागे ऐकू येत होते. मग एक दार बंद झाल्याचा आवाज आला आणि ते बडबडणे थांबले.

“आईचे माझ्याशी झालेले फोनही असतील त्यात,” ती म्हणाली.

“होते. काल पुसले.”

“ते ऐकलेत तुम्ही?”

“एक. खोकल्याचा. तपासण्यापुरता.”

“बाकीचे?”

“नाही.”

हे खरे होते. मुलीचे दुसरे एकही संभाषण त्यांनी उघडले नव्हते; त्यांना ते सुचलेही नव्हते. पण खरे असल्याचे दाखवायला आता त्यांच्यापाशी काही नव्हते आणि तिच्यापाशी ते तपासायला काही नव्हते. ती गप्प राहिली. त्या गप्प राहण्यात ती आपली सारी जुनी बोलणी आठवून पाहत आहे, आईपाशी आपण कधी काय बोलून गेलो ते एकेक काढून पाहत आहे, हे त्यांना कळत होते आणि ते थांबवण्यासाठी काही बोलण्याचा अधिकार त्यांना उरला नव्हता.

“बरं,” मुलगी शेवटी म्हणाली. “जेवलात का?”

“जेवेन.”

“जेवा,” ती म्हणाली, आणि नेहमीपेक्षा जरा जपून, एकेक शब्द वेगळा ठेवल्यासारखे, “ठेवते मग,” असे म्हणून तिने फोन ठेवला.